‘हन्ना’चा अर्थ फूलही नव्हे, आनंदही नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळांच्या नावांचे सदर येते. या वेळी त्यात हिब्रू मुलींच्या नावांची यादी आहे आणि तिच्यात ‘हॅन्नाह’ हे नाव आहे. अर्थ : फूल, आनंद, देवाने मला दिलेली. उच्चार : हॅन्-नाह. शिवाय अशी टीप, की उलटसुलट कसेही वाचले तरी हे नाव तेच राहते, म्हणून ज्यू लोक ते फार शुभ मानतात. यातले ‘हिब्रू’ एवढे खरे. बाकीचे रोमन स्पेलिंगकडे बघून बांधलेले अंदाज आहेत. हिब्रू नाव रोमनमधून मराठीत आणले की असेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिब्रूत हे नाव तीन अक्षरांचे आहे : हेथ, नून, हे. लिहिताना उजवीकडून डावीकडे. स्वर ठिपके आणि रेघांनी दाखवतात. हेथच्या खाली आडवी रेघ (पताह), नूनच्या खाली कामत्स ही ‘आ’ची खूण, आणि नूनच्या पोटात एक ठिपका. या ठिपक्याला दागेश म्हणतात आणि येथे तो व्यंजन दुप्पट झाल्याची खूण आहे. ‘अन्न’मधला ‘न्न’ सहज म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. शेवटचे ‘हे’ उच्चारायचे नसते. शब्द ‘आ’ने संपतो हे दाखवण्यापुरतेच ते तिथे बसलेले असते. रोमन लिपीत शेवटी जो एच लावतात, तो या मुक्या अक्षराची नक्कल आहे. तेव्हा ‘हन्नाह’ लिहून शेवटी हकार काढणे म्हणजे नसलेला ध्वनी घालणे.

उलटसुलट वाचण्याची गंमतही इथेच संपते. पहिले अक्षर हेथ, शेवटचे हे. ही दोन निराळी अक्षरे आहेत. रोमनमध्ये दोघांसाठी एकच एच असल्याने आरसा तयार होतो, हिब्रूत होत नाही. ही तीन अक्षरे उलटी वाचलीच, तर ‘ठेव’ अशा अर्थाचा आज्ञार्थ निघतो, नाव नाही. अंकशास्त्राच्या सदरांत रोमन अक्षरांची बेरीज करून ‘हिब्रू शुभांक’ काढतात तोही त्यातलाच प्रकार. हिब्रू अक्षरांना स्वतःची मूल्ये आहेत : हेथ ८, नून ५०, हे ५, एकूण ६३. दागेशामुळे नून दोनदा धरत नाहीत.

आता अर्थ. या नावाचा धातू हेथ-नून-नून. अर्थ : कृपा करणे, मर्जी दाखवणे, दया करणे. त्यापासून ‘हेन’ हे नाम झाले. त्याला दोन छटा आहेत. एक, मोठ्याने लहानावर केलेली मेहेरनजर. दुसरी, एखाद्या व्यक्तीत किंवा वस्तूत असलेली मोहकता, जिच्यामुळे ती मेहेरनजर होते. आजच्या हिब्रूत हाच धातू रोजच्या वापरात आहे. इस्राएलचे राष्ट्रपती कैद्याला माफी देतात ती ‘हनिना’. मोबदला न देता मिळते ते ‘हिनाम’, म्हणजे फुकट. मुलीचे नाव, राष्ट्रपतींची माफी आणि फुकटचा माल एकाच घरातले आहेत हे ऐकून हसू येईल, पण धातू तोच.

‘देवाने मला दिलेली’ हा अर्थ मात्र व्याकरणात बसत नाही. देवाचे नाव जोडलेली या धातूची नावे वेगळी आहेत. योहानानमध्ये ‘यो’ आहे, हनन्यामध्ये शेवटी ‘या’ आहे, एलहानानमध्ये ‘एल’ आहे. ‘देवाने कृपा केली’ असे म्हणायचा अधिकार या नावांना. योहानानपासून पुढे योहान, जॉन, इव्हान, हान्स ही सगळी मंडळी झाली. हन्नामध्ये देवाचे नाव नाही, आणि ‘मला’ दाखवणारा प्रत्यय तर मुळीच नाही. कोशातला अर्थ ‘कृपा’, फार तर ‘मर्जी’. ती कृपा देवाची, असे श्रद्धेने मानायला हरकत नाही. पण ते नावाचे भाषांतर म्हणून छापू नये. हा धातू हिब्रूच्या सख्ख्या बहिणींतही होता. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेजचा सेनापती हॅनिबल हा मुळात ‘बआल देवाची कृपा’, त्याच शहरात गाजलेले हॅन्नो हे पुरुषाचे नाव याच धातूचे, आणि रोमन काव्यात कार्थेजच्या राणी डायडोची बहीण म्हणून येणारी अ‍ॅना हीही त्याच कुळातली.

मग फूल आणि आनंद आले कुठून? जपानीत ‘हाना’ म्हणजे फूल. अरबीत ‘हना’ म्हणजे सुख, आनंद. तिथला ह साधा आहे, हेथशी जुळणारा नाही, आणि धातूही वेगळा. कोरियन ‘हाना’ म्हणजे एक. मेंदीची ‘हिना’ अरबी आहे, पण तिचाही धातू दुसराच. हे सगळे शब्द रोमनमध्ये जवळजवळ सारखे दिसतात, आणि यादी करणारा सगळ्यांचे अर्थ स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवतो. चेक भाषेतले ‘हाना’ मात्र खरोखर या कुळातले आहे. आणखी एक खबरदारी : सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनमधल्या ख्रिस्ती अरबांत ‘हन्ना’ हे पुरुषाचे नाव असते. ते युहन्नाचे, म्हणजे जॉनचे, लघुरूप. धातू तोच, पण सीरियन कादंबरीकार हन्ना मीना यांना मराठीत ‘त्या लिहितात’ असे छापले तर पंचाईत होईल.

हिब्रूत दुसरा एक सापळा आहे. स्वरचिन्हे रोजच्या लिखाणात देत नाहीत. त्यामुळे हेथ-नून-हे या तीन अक्षरांतून ‘हाना’ हे क्रियापदही वाचता येते : त्याने तळ ठोकला, किंवा आजच्या भाषेत, त्याने गाडी उभी केली. त्याचा धातू निराळा, दागेश नाही, जोर शेवटच्या अक्षरावर. इस्राएलमधून आलेल्या कागदाचे भाषांतर करताना व्यक्तीचे नाव आहे हे संदर्भावरून ठरवावे लागते.

नावाची मूळ मानकरीण बायबलमध्ये शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातल्या एलकानाच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुले, हन्नेला नाही, आणि सवत तिला टोचून बोलते. दरवर्षीच्या शिलोच्या यात्रेत हन्ना मंदिरात प्रार्थना करते, मुलगा झाला तर तो देवाला वाहीन असा नवस बोलते. ओठ हलताहेत पण आवाज नाही हे पाहून पुरोहित एलीला वाटते, बाई प्यायली आहे. ती त्याची समजूत काढते, तो आशीर्वाद देतो, आणि पुढे शमुवेल जन्मतो. पहिल्या अध्यायाच्या १८व्या ओवीत ती एलीला म्हणते, ‘तुमच्या दासीवर तुमची कृपादृष्टी असो.’ मूळ हिब्रूत इथे ‘हेन’ हाच शब्द आहे. हन्ना ‘हेन’ मागते, हा श्लेष कोणत्याही भाषांतरात हरवतो. नावाचा अर्थ कुठे बघावा असे कोणी विचारले तर कोशाआधी ही ओवी दाखवावी.

ज्यू परंपरेत या नावाला मान आहे तो या प्रार्थनेमुळे. तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या बराखोत या प्रकरणात (पान ३१) प्रार्थनेचे नियम हन्नेच्या वागण्यातून काढले आहेत. ती मनापासून बोलत होती, म्हणून प्रार्थनेत चित्त हवे. ओठ हलत होते, म्हणून शब्द नुसते मनात न ठेवता ओठांनी उच्चारायचे. आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून आवाज चढवायचा नाही. एलीने तिला प्यायलेली समजून हटकले, म्हणून दारू पिऊन प्रार्थनेला उभे राहायचे नाही. सिनेगॉगमध्ये उभ्याने, पुटपुटत म्हटली जाणारी मुख्य प्रार्थना, अमिदा, आजही याच रीतीने म्हणतात. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, त्याच्या पहिल्या दिवशी तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, वाचनानंतर हन्नेचीच कथा वाचतात. तालमुदने मोजलेल्या सात संदेष्ट्या स्त्रियांत ती आहे. इतर सहा सारा, मिर्याम, दबोरा, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर. धार्मिक शिक्षणात स्त्रियांची म्हणून जी तीन कर्तव्ये शिकवतात, त्यांच्या हिब्रू आद्याक्षरांतून हेथ, नून, हे असेच नाव जुळते : हल्ला, म्हणजे कणकेचा गोळा बाजूला काढणे, निद्दा, मासिक पाळीचे नियम, आणि हदलाका, शब्बाथचे दिवे लावणे. ही जुळवणी नंतरच्या लोकांची. नावाची व्युत्पत्ती म्हणून ती देऊ नये. धर्म न सोडता मरण पत्करणाऱ्या सात मुलांच्या आईलाही हन्ना म्हणतात, पण मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात ती निनावी आहे. हे नाव तिला मध्ययुगात चिकटले.

उच्चाराकडे वळतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. हेथचा उच्चार सगळे ज्यू एकसारखा करत नाहीत. येमेनी आणि इराकी परंपरेत तो अरबी ‘मुहम्मद’मधल्या ह-सारखा आहे. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तिच्यावर श्वास सोडतो तसा श्वास, पण घसा खाली आवळून. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा, आणि त्यांच्यामुळे आजच्या इस्राएलमधल्या बहुसंख्यांचा, उच्चार वेगळा आहे. तो उर्दूतल्या ख़ बरोबर जवळपास जुळतो. ‘क’ म्हणायला जीभ जिथे टेकते तिथून ती आणखी मागे, पडजिभेकडे न्या, टेकू देऊ नका, बारीक फट ठेवा आणि श्वास घासत बाहेर जाऊ द्या.

मराठी तोंडात यात दोन चुका होतात. पहिली, ‘ख’. आपला ख म्हणताना जीभ टाळूला पूर्ण टेकते, मग सुटते आणि हवा बाहेर पडते. त्यामुळे ‘खन्ना’ होते, आणि ऐकणाऱ्याला पंजाबी आडनाव वाटते. दुसरी, ‘ह’. मराठी ह घोष आहे. गळ्यावर बोट ठेवून ‘हात’ म्हणा, कंप जाणवेल. हेथला कंप नको. कंप घालवलात तर निदान अर्धे काम झाले. स्वरांचेही तसेच. ‘हन्ना’तला पहिला अ आपण अर्धवट तोंड उघडून म्हणतो. हिब्रू पताह म्हणजे आपला आ, फक्त आखूड. इंग्रजी ‘हॅना’तला ‘ॲ’ हिब्रूत नाहीच.

जोर कुठे? बायबलच्या पाठात शेवटच्या अक्षरावर, आणि शास्त्रशुद्ध वाचणारे नून दुप्पट ठेवतात. इस्राएलच्या रस्त्यावर मात्र नून एकच, आणि नाव म्हणून हाक मारताना जोर पहिल्या अक्षरावर. तो उच्चार ऐकून शिकायचा असेल तर चांगले उर्दू बोलणाऱ्याकडून ‘दवाख़ाना’ म्हणवून घ्या. त्यातला शेवटचा ‘ख़ाना’ घ्या, दोन्ही आ जरा आखूड करा, पहिल्यावर जोर द्या. ते तेल अवीवमध्ये कोणीही ओळखेल. यिद्दिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्या भाषेत, शेवट ‘ए’कडे झुकतो : ख़ाने, आणि लाडाने ख़ानेले.

व्यक्तींची नावे लिहिताना त्या त्या भाषेचा उच्चार धरावा. जर्मनीत जन्मलेल्या विचारवंत आरेण्ट (१९०६–१९७५) या ‘हाना’, ‘हॅना’ नव्हेत. दिल्लीच्या लेडी अर्विन कॉलेजच्या पहिल्या संचालिका हन्ना सेन कलकत्त्याच्या. त्यांच्यासाठी ‘हन्ना’ योग्य. बुडापेस्टमध्ये १९२१ साली जन्मलेल्या कवयित्री आणि छत्रीधारी सैनिक सेनेश यांचे घरचे हंगेरियन नाव अनिको, म्हणजे छोटी अ‍ॅना. पॅलेस्टाइनला गेल्यावर त्यांनी हन्ना हे रूप घेतले, आणि १९४४च्या नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये गोळी घातली गेली तेव्हा त्या त्याच नावाने ओळखल्या जात होत्या. नाव बदलले असे म्हणतात, पण मुळात ते एकच.

हन्नाची अ‍ॅना कशी झाली, तेही सांगतो. बायबलचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा हेथसाठी ग्रीकमध्ये अक्षर नव्हते. तो ध्वनी गळला आणि ‘अन्ना’ उरले. तेच लॅटिनने घेतले. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात राहणारी वृद्ध संदेष्ट्री ‘अन्ना’ ही नावाने हन्नाच. नंतरच्या, बायबलबाहेरच्या एका ग्रंथाने मरियेच्या आईलाही अन्ना हे नाव दिले, आणि तिचीही कथा हन्नेसारखीच : मूल नसलेली बाई, नवस, उतारवयात अपत्य. युरोपभर अ‍ॅन, अ‍ॅना, अनिता ही नावे पसरली ती या संतिणीमुळे. ह-सकट हन्ना युरोपीय ख्रिस्त्यांत रुळली ती बायबल मूळ हिब्रूवरून भाषांतरित होऊ लागल्यावर. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये शमुवेलच्या आईला हन्ना आणि लूकमधल्या वृद्धेला अन्ना, अशी एकाच नावाची दोन रूपे आहेत.

या धाग्याचे एक टोक गोव्यात आहे. तळावली येथले सांताना चर्च (बांधकाम १६८१ ते १६९५) याच संत अ‍ॅनाचे. जुलैअखेर तिथे तवशांचे फेस्त भरते. मूल हवे असलेली जोडपी तवशी, म्हणजे काकड्या, वाहतात आणि ‘बाई, काकडी घे, बाळ दे’ अशा अर्थाचे पोर्तुगीज मागणे म्हणतात. शिलोच्या मंदिरातल्या नवसाशी याचे नाते सांगायला भाष्यकार लागत नाही. गोव्यातले सांतान हे पुरुषाचे नाव याच सांतानाचे, संस्कृत ‘संतान’ नव्हे. या फेस्तात तो गैरसमज फार सहज होतो, म्हणून नोंदवले.

मराठीत हे नाव कसे लिहावे, हा प्रश्न नवा नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात हन्ना चालत आले आहे, मराठी बायबलातही ‘हन्ना’ आहे, आणि त्या समाजासाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले ते १८३२ साली. एवढी जुनी वहिवाट असताना इंग्रजीवरून ‘हॅन्नाह’ घडवायचे कारण नाही. उच्चार नेमका दाखवायचाच असेल तर कंसात ‘ख़ाना’ द्यावे, पण नुक्ता मराठी वाचकाच्या डोळ्यांतून निसटतो आणि ‘खाना’ उरतो. छपाईला हन्नाच बरे.

मुलीचे हे नाव ठेवणाऱ्यांनी रोमन स्पेलिंग आधी ठरवावे. सीएचने सुरू होणारे स्पेलिंग यिद्दिश-जर्मन वळणाचे आहे, तिथे सीएच म्हणजे ख़. भारतात ते कोणीही ‘चना’ वाचणार आणि शाळेच्या हजेरीपटावर तसेच उतरणार. एचने सुरू करून दोन एन द्यावेत; शेवटचा एच ठेवा किंवा गाळा, पण एकदा ठरवले की जन्मदाखला, आधार, पासपोर्ट यांत एकच ठेवा. जन्मनोंदणीत बाळाचे नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नोंद झालेले स्पेलिंग पुढे दुरुस्त करणे जास्त कटकटीचे. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपे असतात, तेव्हा देवनागरीतले ‘हन्ना’ आपण स्वतः लिहून द्यावे. कारकुनावर सोडले तर तो इंग्रजीवरून बनवतो.

त्याच यादीत ‘नोआ’चा अर्थ ‘विश्रांती’ दिला आहे, तीही दुरुस्ती करावी. विश्रांती म्हणजे तारवाच्या गोष्टीतला नोहा; ते पुरुषाचे नाव नून आणि हेथ असे लिहितात. मुलीचे नोआ नून, आयिन, हे असे, आणि त्याचा धातू ‘हलणे’ या अर्थाचा. वडिलांना मुलगा नसल्याने जमिनीचा वाटा आम्हाला द्या, असे मोशेपुढे उभे राहून मागणाऱ्या सलाफहादच्या पाच मुलींपैकी ती एक (गणना, अध्याय २७). इस्राएलमध्ये गेली काही दशके हे मुलींच्या सर्वांत लोकप्रिय नावांपैकी आहे, तेव्हा आपले वाचक ते शोधणार हे नक्की.

कळावे.

आपला,
एक हिब्रू अभ्यासक, ठाणे